बासष्ट जणी मागं

भाताच्या रोपांच्या चिखलाळ जुडीचा वास आला की मला माझा सीईटीचा निकाल आठवतो. जव्हारला एसटी डेपोजवळच्या दुकानात तो काढला, तेव्हा बासष्ट पर्सेंटाइल आले होते. दुकानदार म्हणाला, "शंभरातली बासष्ट मुलं तुझ्या मागं आहेत." जीपनं आमच्या गावी, दाभोशाला उतरले ती थेट शेतावर गेले. आवणी चालू होती. वाकलेल्या बायका ओळीनं रोपं लावत मागं मागं सरकत होत्या, कारण आवणीत पुढं पाऊल टाकलं तर लावलेलंच तुडवलं जातं. मी बांधावरून ओरडले, "आई, बासष्ट जणी माझ्या मागं!" तिनं मान वळवून मागं पाहिलं. चपळ बायका पार मागच्या बांधाला पोचल्या होत्या. तिचा चेहरा पडला. "त्या बांधाला लागल्या नं तू हितंच?" मी हसत सुटले आणि परीक्षेत सगळे तोंडाच्या दिशेनं चालतात, हे तिला समजावलं. ती हसली नाही. "मंग पुढं किती?" "अडतीस." फार्मसीच्या प्रवेशाला एवढ्यानं भागणार नाही हे मला दुकानातच कळलं होतं, फक्त सांगायचं टाळलं होतं. तिनं एक जुडी माझ्या पायाशी फेकली. "उतर. ही ओळ पुरी कर, मंग परत फारम भर." मी उतरले. फॉर्मही भरला. आज माझ्या औषधांच्या दुकानात गावातली पोरं मोबाइलवर निकाल दाखवायला येतात आणि मागं किती ते खुशीत सांगतात. मी पुढं किती ते विचारते.