निरोगी म्हणून लिहिलेली गोदावरी

सुकेशनी सिस्टर मूळच्या चुडाव्याच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. शाळांमधल्या मुलांची तपासणी करणाऱ्या पथकात परिचारिका म्हणून त्यांना अकरा वर्षं झाली. वजन करायचं, उंची मोजायची, डोळे, दात, कान बघायचे आणि रजिस्टरात नोंद करायची, हे त्यांचं रोजचं काम.

दोन वर्षांपूर्वी जुलैत पथक झरीजवळच्या एका शाळेत होतं. वजनकाटा लावताना सिस्टरांना मैदानावर एक मुलगी दिसली. ती थोडं पळायची आणि लगेच उकिडवी बसायची. असं तीनदा झालं.

"ती अशीच बसती का नेहमी?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"गोदावरी का? लय आळशी हाय ती."

तिसरीतल्या गोदावरीला त्यांनी जवळ बोलावलं. नखांवर मेंदीचा गडद थर होता, ओठ मात्र जांभळट दिसत होते. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर आकडा अठ्ठ्याहत्तर. यंत्र बिघडलं असेल म्हणून शेजारच्या मुलीला लावून पाहिलं, तिचा अठ्ठ्याण्णव आला. पथकातल्या डॉक्टर शुभदांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. हृदयाला जन्मापासून छिद्र असावं, असं त्या म्हणाल्या. परभणीला पुढच्या तपासण्यांसाठी चिठ्ठी दिली.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी जुनं रजिस्टर काढलं. गोदावरी पहिलीत असतानाची नोंद सापडली. 'दोष नाही.' खाली सही त्यांचीच होती. त्या दिवशी एकशे चाळीस मुलं तपासली होती.

तीन आठवडे झाले तरी घरचं कोणी परभणीला गेलं नाही. एका रविवारी सिस्टर एसटीनं गावात गेल्या. गोदावरीचे वडील दत्तराव शेतात होते. ओसरीवर आजी सरजाबाई तूर निवडत बसली होती, आई सविता दाराशी उभी.

"निळ्या नखांवरून पोरी चिडवायच्या तिला," सविता हळूच म्हणाली. "म्हणून मीच मेंदी लावते."

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. "माझी थोरली लेक दवाखान्यात नेली ती परत आलीच न्हाई. हिला न्यायची न्हाई."

सिस्टर तिच्याजवळ ओसरीवर बसल्या. "मावशी, ही पहिलीत असताना मीच तपासली होती. मेंदी दिसली, पण खालचं नख बघितलं न्हाई. निरोगी म्हणून लिहून टाकलं. चूक माझी हाय. ऑपरेशनात सगळं नीटच होईल असा शब्द मी देत न्हाई. पण असंच ठेवलं तर ती दरसाल खचत जाईल."

सरजाबाईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आता तरी नीट बघितलीस का?"

"मी आन् डाक्टरबाई, दोघींनी बघितली. छातीतलं मशीनवरबी दिसंल, म्हणून तर परभणीला चला म्हणते."

"तू येशील संगं?"

"येते."

परभणीच्या तपासणीत छिद्र दिसलं, शिवाय फुफ्फुसाकडं जाणारी नळीही अरुंद निघाली. सरकारी योजनेतून मुंबईच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली. सिस्टरांनी रजा टाकली. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या आणि सरजाबाई सहा तास बाहेरच्या बाकावर बसून होत्या. सरजाबाई एकदाच बोलली, पोरगी उपाशी असेल म्हणून. शस्त्रक्रिया झाली, पण नंतर गोदावरीला ताप आला आणि दहा दिवसांचा मुक्काम बावीस दिवसांवर गेला. रजा संपल्यानं सिस्टरांना मधेच परतावं लागलं. त्या रोज फोन करत.

गोदावरी आता पाचवीत आहे. दर सहा महिन्यांनी तिला दाखवायला न्यावं लागतं. वर्षभर शाळा बुडाल्यानं गणित कच्चं राहिलं, त्याचं सविताला फार वाईट वाटतं.

तेव्हापासून सिस्टर एका दिवसात साठाच्या वर मुलं तपासत नाहीत. साहेब कुरकुरतात, ठरवून दिलेल्या मुलांचा तक्ता अपुरा राहतो, एकदा लेखी खुलासाही मागितला गेला. त्यांनी दिला. सरजाबाई मात्र आता कुणाचंही काही दुखलं की त्यांनाच फोन लावते आणि सिस्टर शांतपणे सगळं ऐकून घेतात.