मॅपलच्या वाट्याचा कूलर

उन्हाळ्यात अक्कांच्या घरी गेलेल्या माणसाला घाम पुसतच बसावं लागे, कारण कूलरचं तोंड झाडाकडे असायचं. धुळ्याच्या भर मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीशी ठेवलेलं ते मॅपलचं बुटकं बोन्साय गार वाऱ्यात डुलायचं आणि आम्ही पाहुणे वर्तमानपत्राने वारा घ्यायचो. कोणी कुरकुर केली की अक्का म्हणायच्या, “तुले ऊन लागस, मग त्याले नही का?”

मी त्यांची शेजारीण. आमच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. बोन्साय माझ्याकडेही होती. वड तर चांगलाच डौलदार होता, पारंब्यांसकट. पण वड आमच्याकडे भिंतीच्या फटीतही उगवतो, त्याचं कौतुक कोण करणार? अक्कांचं रोप त्यांच्या सैन्यातल्या भाच्याने हिमाचलातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात ते जळणार याची मला खात्री होती, आणि मी त्याची वाटही बघत होते. ते जळलं नाही. पानांच्या कडा तेवढ्या करपल्या. मी त्यावर समाधान मानलं.

पुढे एक वर्ष असं आलं की मॅपलची एक फांदी वेड्यासारखी वाढत सुटली. अक्का बाकीच्या कोवळ्या शेंड्यांना दोन-दोन पानांवर खुडायच्या, या फांदीला मात्र हात लावायच्या नाहीत. अक्का आता थकल्या, असं मी कॉलनीत दोघीतिघींना सांगूनही आले. पावसाळा संपल्यावर अक्कांनी छोटी करवत काढली, खोडावर हात ठेवला, “आते तुले कापस हं” असं झाडाला सांगितलं आणि ती फांदी बुडापासून उडवली. खाली खोड मनगटाएवढं जाड झालं होतं. फांदी मोकाट सोडली होती ती खोडाला पोसायला. सांगितल्याशिवाय त्या कधीच कापत नसत; माझ्या वडाला मी काही सांगत नाही म्हणून मला बोलतही असत.

त्याच हिवाळ्यात धुळ्यात कडाक्याची थंडी पडली. सगळ्यांनी कुंड्या आत घेतल्या, अक्कांनी मॅपल उघड्या गच्चीवर नेऊन ठेवलं. आणि ते लाल झालं. जास्वंदीसारखं लाल नव्हे, चुलीतल्या निखाऱ्यासारखं. सगळी कॉलनी बघायला आली. माझ्या नवऱ्याने माझ्याच गच्चीवरून, माझ्याच वडाला मोबाइल टेकवून मॅपलचे फोटो काढले. त्या दिवशी मी स्वयंपाकात मीठ टाकायला विसरले.

अक्कांचे गुडघे गेले तेव्हा मुलाने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. तिथल्या फ्लॅटला गॅलरी नव्हती. मॅपल कोणाकडे जाणार हा प्रश्नच मला पडला नाही. भिंतीलगतची सावलीची जागा मी मोकळी केली, फांद्या वळवायला नवी तार आणली. निघायच्या आदल्या दिवशी फैजपूरहून अक्कांचे धाकटे भाऊ, नाना, गाडी घेऊन आले. केळीची शेती करणारा माणूस, आयुष्यात कुंडीला हात लावलेला नाही. झाड त्यांच्या मांडीवर ठेवलं गेलं.

“केळीमा थंडावा ऱ्हास,” अक्का मला म्हणाल्या. माझा हात धरून त्या भिंतीपाशी आल्या. “तुना वड किती चांगला शे. पन तू त्याले सोडीसन मनं झाडच देखस. तुनाकडे ते गये तर तुना वड मरी जाई.” मग त्यांनी त्यांची छोटी कात्री माझ्या हातात ठेवली. कात्री नको होती मला. झाड हवं होतं.

नाशिकला गेल्यावर वर्षाच्या आतच अक्का गेल्या. त्यांच्या गच्चीवर आता नवे भाडेकरू पापड वाळवतात. माझा वड बघून लोक थांबतात, नावाजतात. पण मी तो जिच्या नाकावर टिच्चून वाढवत होते, ती बघायला नाही.

गेल्या थंडीत फैजपूरहून नानांनी मोबाइलवर फोटो पाठवला. केळीच्या हिरव्यागारात लालबुंद मॅपल. आतून जळलेच मी. फोटो मोठा करून खोट शोधू लागले आणि सापडली: शेंड्याची एक फांदी उगाच वर चालली होती. फोन लावला.

“नाना, पानं गळाली की वरची फांदी कापा. पण सांगून कापा.”

“कोनले सांगू?”

“झाडाला,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग कात्री घेतली, वडापाशी गेले आणि त्यालाही सांगितलं.