आधी तिचं डोकं
खोबरेल तेलाची बाटली उघडली, की मला नेदरलँड्समधली, टिलबर्गची लेकीची शाळा आठवते. तिथे सुट्टी संपली, की मुलांच्या डोक्यात उवा आहेत का हे पालकच वर्गात येऊन बघतात, आणि मी हौसेने कंगवा घेऊन जायचे. वर्गात एक कृष्णवर्णीय मुलगी होती, डोकंभर बारीक, घट्ट वेण्या घातलेली. आधीच्या बाई तिला सगळ्यांदेखत सांगायच्या, "तू शेवटी बस, तुझ्या केसांना वेळ लागतो." ती मान खाली घालायची आणि दिवसभर वर करायची नाही. मग नव्या बाई आल्या. पहिल्याच तपासणीला म्हणाल्या, "आधी तू ये. इतके सुरेख भांग आहेत, काम पटकन होईल. कोणी पाडले गं?" "आईने," ती पुटपुटली. "कसे पाडते? सांग ना आम्हाला." मग ती जी सुटली! आईच्या मांडीवर डोकं, तोंडात तळलेली केळी, अख्खा रविवार; शेवटी फळ्यावर आकृती काढून दाखवली. ऊ एकही नव्हती. माझ्या लेकीच्या तेलकट डोक्यावरून मात्र कंगवा घसरत राहिला आणि वर्ग खिदळला. पुढच्या गणिताच्या तासाला बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या वेण्यावाल्या मुलीचा हात वर! आता ती आणि माझी लेक, दोघी कॉलेजात आहेत. परवा ती आमच्याकडे आम्हाला तशा वेण्या घालून द्यायला आली. मी लेकीला पुढे केलं, तर खुर्ची ओढत, लेकीकडून शिकलेल्या मराठीत ती मला म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही बसा. तुमच्या डोक्यावर एवढं तेल थापलंय, वेळ लागेल!"