पॉलिशमास्तरचा मधला तास

"घाई केली की लाकूड चुगली करतं." पॉलिशमास्तरचं हे बोलणं साऱ्या गल्लीला पाठ होतं. शुद्धीत असला तरी हेच, आणि झिंगून भिंतीच्या आधारानं घरी येत असला तरी हेच. त्याची बायको म्हणायची, लाकडाचं राहू द्या, तुमची चुगली तुमचे पायच करतात.

ती घरबसल्या कपड्यांना काज-बटणं करायची. खिडकीशी तिची बैठक, खिडकीखाली गल्ली. गल्लीच्या टोकाला दोन वाटा फुटत. उजवीकडे मास्तर कामाला जायचा तो सुतारदादाचा कारखाना, डावीकडे दारूचं दुकान. अकरा वर्षं तिनं त्या टोकाकडे बघून आपल्या संध्याकाळचा अंदाज बांधला होता.

मास्तरचा हात मात्र सोन्याचा. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा लाखेत बुडवून तो फळीवरून फिरवू लागला, की फळी नुकत्याच धुतलेल्या घोड्याच्या पाठीसारखी तुकतुकायची. पण लाख विरघळते स्पिरिटमध्ये. ते विषारी, तोंडाला लावण्याइतका तो खुळा नव्हता. नुसता वास नाकात गेला तरी जीभ जागी व्हायची, आणि एक थर दिल्यावर तो वाळेस्तोवर तासभर रिकामा. तो मधला तास दर वेळी डाव्या वाटेला लागायचा. पुढेपुढे झोपेच्या गोळ्यांचीही सवय जडली.

एकदा तर ओल्या थरावरच त्यानं दुसरा थर ओढला. बारा माणसांचं जेवणाचं टेबल, सकाळी बघतात तो दूध सांडल्यासारखं पांढरंफटक. सुतारदादा ओरडला नाही. त्यानं शांतपणे टेबलावर कापड टाकलं आणि सांगितलं, बरा होऊन ये, तुझी पॉलिशची खोली तुझीच आहे; पण परत आल्यावर एकदा जरी पिऊन या उंबऱ्यावर दिसलास, तर दुसरा पॉलिशवाला बघेन. मास्तरला हातातलं काम गेल्यावर जगणं म्हणजे काय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दोन आठवडे रुग्णालयात ठेवून डॉक्टरांनी दारू आणि गोळ्या हळूहळू सोडवल्या. मग दर मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलं. बायको बरोबर जायची, कारण एकटा गेला तर पोचेल याची खात्री कुणी द्यावी?

पहिल्या मंगळवारी मास्तर नुसता बाईंच्या टेबलावरून बोट फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "हे पॉलिश कुणी केलंय? त्याला माझ्याकडे पाठवा."

बाई म्हणाल्या, "काम बघता, त्यालाच माझ्याकडे पाठवावं लागेल असं दिसतंय."

बायकोला हसू आवरेना. मास्तरही हसला, आणि तिथून गाडी रुळावर आली. बाईंनी सुचवलं की धंदा बदलून बघा. तो म्हणाला, उद्या म्हणाल हात बदला. बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं, नेमकी तल्लफ कधी येते? काम करताना? नाही, तेव्हा तर तहानही लागत नाही. मग? विचार करकरून त्यालाच तो मधला तास सापडला. ठरलं असं, की कामावर परतल्यावर थर वाळत असताना कारखान्यात थांबायचं नाही, सरळ घरी यायचं. तल्लफ लाटेसारखी असते, बाई म्हणायच्या. चढते तशी उतरते, तुम्ही फक्त तेवढा वेळ काठावर बसा.

तल्लफ किती, हे त्यानं रोज फोनवर बाईंना कळवायचं होतं. शून्य ते दहा हे माप मास्तरला पटेना. त्यानं आपलं काचकागदाचं माप लावलं. "आज दोनशेवीस," तो कळवायचा. नंतर "तीनशेवीस". एका गुरुवारी "चारशे" ऐकल्यावर बाई घाबरल्या आणि त्यांनी तडक बायकोला फोन केला, घरात सगळं ठीक आहे ना?

"अहो बाई, चारशेचा कागद म्हणजे लोणी," ती म्हणाली. "आकडा जितका लहान तितका कागद खरबरीत. साठ म्हणाले तर मात्र धावत या."

बाई म्हणे वहीतले तीन आठवडे खोडत बसल्या.

सहा महिन्यांनी मास्तर कामावर रुजू झाला. पहिलंच काम कपाटाच्या दाराचं. सकाळी पहिला थर दिला आणि लगोलग जिन्यावर त्याची पावलं वाजली. दारात उभा राहिला तेव्हा कपाळावर घाम होता.

"साठ," तो म्हणाला.

 उपदेशानं लाट उतरत नाही, एवढं तीही शिकली होती. तिनं सुई ओवली, एक सदरा त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "आठ बटणं लावा. उगाच बसू नका."

तो लावत बसला. तिसऱ्या बटणाला सुई बोटात रुतली, पाचव्याला त्यानं बटणांचा शोध लावणाऱ्या माणसालाच शिव्या घातल्या. घड्याळाकडे ती दोघंही बघत नव्हती. आठवं बटण लागलं तेव्हा त्याचा श्वास खाली बसला होता. तिनं सदरा उचलून पाहिला. सगळी बटणं काजाच्या बाजूला लावलेली.

"आता हा बंद कसा करायचा, तुमच्या कपाटासारखा कुलूप लावून?"

तो इतका हसला, की वरच्या मजल्यावरच्या मावशींनी कठड्यावरून वाकून पाहिलं. मग पाणी प्यायला, चपला घातल्या. "जातो. वाळला असेल आता," म्हणाला आणि निघाला.

ती खिडकीशी आली. मास्तर आपला रमतगमत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथं थांबला, चपलेत गेलेला खडा झटकला आणि उजवीकडे वळला. तिनं पाहिलं, मावशींनी कठड्यावरून पाहिलं, आणि कारखान्याच्या दारात एक सरळसोट फळी डोळ्यापुढे धरून तिचा बाक तपासण्याचं सोंग करणाऱ्या सुतारदादानंही पाहिलं.