किसनरावांची आंघोळ

कुरुंद्यात कुणाकडे मयत झाली की पहिला निरोप किसनरावांकडे जायचा. तिरडी बांधावी तर त्यांनीच. बाकीचे रडत असायचे, हे बांबू निवडत असायचे. मातीवरून परतले की न्हाणीतल्या दगडावर कपड्यांनिशी बसायचे आणि चतुराबाई वरून पाणी घालायच्या. नवऱ्याची हौसच अशी, तर बाईने तक्रार तरी कुणाकडे करायची?

सत्तरी ओलांडल्यावर, अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, किसनराव विसरायला लागले. आधी म्हशीचं नाव गेलं, मग नातवाचं, मग आपण जेवलो की नाही तेही. वसमतचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, आता असंच चालायचं. चतुराबाईंनी तेही निभावून नेलं असतं. पण आंघोळीचं नाव काढलं की म्हातारा पिसाळायचा. बंडीला हात लावला की ओरडायचा, "चोर! चोर! माजे कापडं नेऊन राहिले!" दिवस हळद शिजवायचे, उन्हाळ्याचे. न न्हालेल्या अंगाचा वास ओसरीच्या पायरीपर्यंत यायचा.

एकदा थोरला सोमेश्वर वैतागला. शेतातले दोन गडी आणले, बापाला धरून ठेवलं आणि अंगावर घागरी ओतल्या. किसनराव असे किंचाळले की शेजारच्या बाया धावत आल्या. नंतर कोपऱ्यात बसून ते कितीतरी वेळ थरथरत होते.

"पुन्यांदा ह्यांना कुनी असं धरायचं न्हाई," चतुराबाईंनी पोराला बजावलं.

"मंग तू घाल, माय. तुला न्हाई जमलं तर मी गडी आनीन."

सोमेश्वर वाईट नव्हता, दमला होता. पण चतुराबाईंचा जीव टांगणीला लागला.

मार्ग सापडला तो अचानक. साखऱ्याहून निरोप आला, किसनरावांची चुलत आत्या गेली. बाहेरगावची अशी बातमी ऐकली की बसल्या जागेवरून उठून आंघोळ करायची रीत. किसनराव उठले, कपड्यांनिशी दगडावर जाऊन बसले आणि म्हणाले, "घाल पानी." साबणसुद्धा लावून घेतला!

त्या दिवसापासून चतुराबाई माणसं मारत सुटल्या.

बाई तत्त्वाच्या. मारायच्या त्या आधीच मेलेली माणसं. "खोटं न्हाई देवा, नुसतं शिळं हाये," असं देव्हाऱ्यापुढे सांगायच्या. एकदा किसनरावांचा सख्खा मामा घेतला, तर ते दिवसभर मामासाठी रडले आणि बाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. मग त्यांनी फक्त नावडते नातेवाईक धरले. जवळा बाजारचा साडू, जो लग्नात जेवणावरून रुसला होता, तो तर कितीदा गेला. "गेला का? बरं झालं. घाल पानी," म्हणत किसनराव खुशीत न्हायचे.

पण नावडते लोक तरी किती पुरणार? एका सकाळी पाणी गार व्हायला लागलं, नाव सुचेना, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "भिवाजी गेले."

भिवाजी म्हणजे किसनरावांचा चुलतभाऊ. वरच्या गल्लीत राहायचा, चांगला ठणठणीत होता. बांधाच्या भांडणावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. जिवंत माणूस मारला हे एक झालंच, पण खरा घोळ दुसराच. गावातलं कुणी गेलं तर आधी माती, मग आंघोळ. किसनराव उठले ते न्हाणीकडे वळलेच नाहीत. सुतळीचा तोडा काखेत मारून थेट दाराबाहेर पडले.

चतुराबाई मागून धावल्या. भिवाजी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होता. किसनरावांनी त्याला ओळखलं नाही. शेजारी टेकले, सुतळी सोडली.

"बांबू आना. भिवाजीला न्यायचंय. माज्याबिगर कुनाच्या गाठी टिकत न्हाईत." आणि एकदम त्यांना हुंदका फुटला. "आता मी भांडू कुनासंग रे?"

भिवाजीची बशी तोंडाशीच थांबली. चतुराबाईंनी हात जोडले. "भाऊजी, मीच मारलं तुमाला. हे न्हातच न्हाईत हो. आन् पोरगं धरून न्हाऊ घालतो म्हनतं."

भिवाजी फटकळ माणूस. आता हा अख्खी गल्ली गोळा करतो, असं बाईंना वाटलं. त्याने बशी खाली ठेवली, डोळे पुसले आणि किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झाली माती, किसनादादा. चल, आंगूळ करू."

आणि भिवाजीच्याच न्हाणीत दोघं कपड्यांनिशी बसले.

पुढे दर दोन-तीन दिवसांनी भिवाजीच यायचा. "दादा, अमका गेला, चल." कधी स्वतःच्या सासऱ्याला मारायचा, कधी कुणी कधीच न पाहिलेल्या माणसाला. थंडीत दोघे म्हातारे एका दगडावर दाटीवाटीने बसून कुडकुडायचे आणि चतुराबाई पाणी घालता घालता हसायच्या. बांधाचा विषय कुणी काढला नाही. बांध अजून तसाच वाकडा आहे.

दोन हजार तीनच्या पोळ्याआधी किसनराव झोपेतच गेले. तिरडी भिवाजीने बांधली. गाठी काही नीट बसल्या नाहीत. माती झाली, लोक आपापल्या घरी आंघोळीला पांगले. भिवाजी मात्र सोमेश्वरच्या मागोमाग आला आणि न्हाणीतल्या त्या दगडावर जाऊन बसला. सवयीने एका कडेला सरकून. चतुराबाईंना ते आतून दिसलं आणि सकाळपासून अडलेलं रडू फुटलं.

सोमेश्वरने तांब्या भरला, उचलला आणि तसाच थांबला.

"काका," त्याने विचारलं, "घालू का पानी?"