अण्णांचा भोंग्याचा दंड

अण्णा गेल्याची बातमी अण्णांच्या जुन्या धंद्यातले ड्रायव्हर दाऊदभाई घेऊन आले, तेव्हा मी मुलींच्या शाळेत पाढे म्हणून घेत होते. ते दारापर्यंत आले नाहीत. पायरीखाली उन्हात, हाताची घडी घालून उभे राहिले आणि मुलींचा पाढा संपेपर्यंत थांबले. या माणसाला उभ्या जन्मात कुठे थांबणं ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्या त्या थांबण्यावरूनच मला कळायचं ते कळलं. सकाळी मी शाळेला निघताना अण्णांनी पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला होता, आणि डॉक्टरांनी मना केलंय म्हटल्यावर "डॉक्टराला काय कळतंय बांगड्यातलं!" असं मला सुनावलं होतं. मी तुकडा दिला नाही. आता महिना होऊन गेला... दिला असता तर काय बिघडत होतं, असं अजून पानावर बसल्यावर मनात येतं.

अण्णा माझे थोरले भाऊ. आमचे वडील तांडेल, त्यामुळे अण्णांनीही गलबतावरच जायचं असं घरात सगळे धरून चालले होते. पण हे गेले मुंबईला, एका शेटजींची मोटार धुवायला राहिले आणि धुता धुता चालवायला शिकून परत आले. रत्नागिरीत मोटारी नुकत्याच कुठे धावू लागल्या होत्या. स्टेअरिंगवर बसलेला माणूस म्हणजे लोकांना कलेक्टराच्या खालोखाल वाटायचा, आणि अण्णांनाही तसंच वाटायचं, हे बहीण म्हणून सांगायला हरकत नाही. स्वभाव म्हणाल तर जांभा दगड. एकदा तोंडातून शब्द गेला की मग तो चुकीचा असला तरी मागे येत नसे. आई म्हणायची, "ह्याच्याशी वाद घालण्यापेक्षा विहिरीत वाकून बोललेलं बरं, निदान आपलंच बोलणं परत ऐकू येतं."

त्या काळी आमच्याकडे मोटारींचा हंगाम म्हणजे दसऱ्यापासून मृगापर्यंत. पावसाळ्यात बोटही बंद आणि रस्ताही चिखलात. हंगामात मुंबईची बोट बंदरात लागली, पडावांतून माणसं उतरली, की तीन-चार मालकांच्या मोटारी ती माणसं भरून घेऊन एकदमच सुटायच्या. हातखंब्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते फुटतात तिथे, गावोगावचे उतारू ताटकळत असायचे. जो आधी पोचेल त्याला ते मिळणार. मग काय, त्या तांबड्या धुळीत शर्यतच लागायची! आत बायाबापड्या देवाचं नाव घेतायत, टपावरच्या वळकट्या उडतायत, कोंबड्या ओरडतायत आणि हे शूरवीर एकमेकांच्या चाकाला चाक घासतायत. अखेर एक मोटार गटारात कलंडली आणि एका म्हातारीचा हात मोडला. फौजदारांनी सगळ्या ड्रायव्हरांना बंदरावर उभं करून दम दिला, की पुन्हा गाडी कलंडली तर ज्याची चूक असेल त्याचं लायसन कायमचं जाईल. लायसन गेलं म्हणजे सगळंच गेलं. गावात दुसरा धंदा मासे मारायचा, आणि गाडीवर हात बसलेला माणूस पुन्हा वल्ह्यावर बसत नाही.

तेव्हा ड्रायव्हरांनी आपल्यातच पंच नेमायचं ठरवलं, आणि सगळ्यांत वडील म्हणून अण्णांना नेमलं. दंड अण्णांनीच ठरवले. पहिल्या चुकीला बंदरावरून शेवटी सुटायचं. तिसऱ्या चुकीला हंगामभर घरी. आणि मधल्या, दुसऱ्या चुकीचा दंड म्हणजे अण्णांच्या डोक्यातून निघालेली खास चीज: गाडीचा रबरी भोंगा काढून घ्यायचा आणि ज्याची कळ काढली त्याच्याच घरी ठेवायचा. मग आठ दिवस प्रत्येक वळणावर ड्रायव्हरने आपल्या तोंडाने 'होऽऽऽ' अशी हाळी द्यायची. "रुपयांचा दंड केला तर तो मालक भरील," अण्णा म्हणाले, "लाजेचा दंड ज्याचा त्यालाच भरावा लागतो." सगळ्यांनी गावदेव भैरीची शपथ घेऊन मान्य केलं. पहिल्या वर्षी दोघांचे भोंगे गेले. रस्त्याकडेच्या गावांतली पोरं त्यांच्या गाडीमागून 'होऽऽ होऽऽ' करत धावायची. शर्यती थांबल्या. अण्णांची कॉलर अशी ताठ झाली, की मान वळवायला त्रास व्हावा.

पुढल्याच शिमग्यात तो दंड माझ्या घरी आला. आमचे हेही ड्रायव्हर, राजापूरच्या लाईनीवर होते. मुंबईहून चाकरमानी बोटी भरभरून उतरत होते, मालक मागून टोचत होता आणि पुढे दाऊदभाईंची गाडी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाललेली. ह्यांनी तिठ्याच्या अलीकडे त्यांना घासून मागे टाकलं. दाऊदभाईंच्या गाडीचं एक चाक कडेवरून सुटता सुटता राहिलं. ह्यांची एक चूक आधीच झालेली होती. दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांसमोर अण्णांनी हातात पाना घेतला आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीवरून भोंगा स्वतः सोडवून काढला. ह्यांनी गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर हाळी दिली. संध्याकाळी घरी येऊन जेवलेही नाहीत.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. तशीच पदर खोचून अण्णांच्या बिऱ्हाडी गेले. "अण्णा, आंधळ्या वळणावर माणसाला मुका करून पाठवतोस? काय झालं म्हणजे?"

"मुका कसला गो? तोंड दिलंय देवानं त्याला."

"शिमग्याची गर्दी आहे. निदान हे आठ दिवस जाऊ देत, मग काढ भोंगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुसरीच्या घोवाचा काढला तेव्हा तू हसलेलीस," ते म्हणाले. "आता तुझ्या घोवाचा सोडला तर उद्या मला कोण पंच म्हणील? जा घरी. मी सांगतंय, काय होत नाय." त्यांचा हात मात्र कंदिलाची काच पुसत होता, आणि ती काच कधीच स्वच्छ झालेली होती, हे मला तेव्हाही दिसलं.

एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आधी दंड झाले ते ऐन थंडीत, जेव्हा दिवसाला एक खेप असायची. शिमग्यात खेपा दुप्पट, धूळ चौपट. चौथ्या दिवशी ह्यांचा घसा बसला. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर आवाजच नाही! हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. बोलायला गेले की नुसता वारा बाहेर यायचा. मी म्हटलं, आज जाऊ नका. त्यांनी मान हलवली. गाडी नेली नाही तर मालक तिच्यावर दुसरा माणूस बसवणार, आणि भोंगा परत मागायला जाणं तर त्यांच्याने मेल्यावरही झालं नसतं. एकीकडे हा हट्ट आणि दुसरीकडे तो हट्ट, मध्ये मी. शाळेला शिमग्याची सुट्टी होती. मी लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला आणि बंदरावर जाऊन ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसले.

दाऊदभाई तिथेच होते. "वैनी, हे कायद्यात बसतं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसत नसेल तर तुम्ही तक्रार करा. मी रोज चाळीस मुलींवर ओरडते, मला सवय आहे." ते हसले नाहीत. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तेव्हा मला वाटलं, चांगला गप्प केला.

पहिल्या वळणावर हाळी देताना लाजेने जीव अर्धा झाला. मागे बसलेले उतारू खुसखुसत होते. हातखंब्यापर्यंत लाज संपली. पुढे पालीकडे जाणारा रस्ता एका बाजूने दरडीला खेटून जातो आणि दुसऱ्या बाजूला खाली शेतं आहेत. तिथे प्रत्येक वळणाआधी मी ओरडत होते आणि मग कान देऊन पलीकडून काही येतं का ते ऐकत होते. ह्यांची नजर रस्त्यावर, बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडलेली. एका वळणावर मी हाळी दिली. ऐकलं. काही नव्हतं, भोंगा नाही की इंजिनाची घरघर नाही. ह्यांनी गाडी वळवली... आणि समोर मोटार! उतारावर इंजिन बंद करून, पेट्रोल वाचवत, आवाज न करता खाली येत असलेली, माणसांनी भरलेली मोटार. तिच्या काचेमागे मला अण्णांचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं. ते ओरडत होते. आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. ह्यांनी ब्रेक दाबला. अण्णांनी स्टेअरिंग आत ओढलं आणि आपली गाडी दरडीत घातली, आपल्या बाजूने. पत्रा चिरडल्याचा आवाज आला, मग बायकांचा आकांत. आमची गाडी कडेला थांबली, खाली शेतं दिसत होती. उतारूंना खरचटलं, कोणाचं डोकं फुटलं, पण माणूस एकही गेला नाही. अण्णांचा उजवा पाय तेवढा स्टेअरिंगखालच्या पत्र्यात अडकला होता. आम्ही धावलो. त्यांच्या गाडीच्या अंगाला, जिथे भोंगा असायचा, तिथे नुसते दोन स्क्रू होते.

दाऊदभाईंनी नंतर सांगितलं. ज्या दिवशी ह्यांचा भोंगा काढला, त्याच संध्याकाळी अण्णा त्यांच्या घरी गेले होते आणि आपल्याही गाडीचा भोंगा त्यांच्या ओटीवर ठेवून आले होते. "बहिणीच्या नवऱ्यास एकटा कसा पाठवू? पण कोणाला बोलायचं नाय," अशी शपथ घातली होती. अण्णांची गाडी तेव्हा कोल्हापूरच्या लाईनीवर, एक दिवस वर आणि एक दिवस खाली, त्यामुळे आम्हाला ती दिसलीच नाही. आंबा घाटातली ती सगळी वळणं हा माणूस तोंडाने ओरडत उतरला होता. पालीपर्यंत त्याच्या गळ्यात आवाज कुठून राहणार? मला तेव्हा त्यांचा असा संताप आला, की त्या मोडक्या पायावर अजून एक लाथ घालावीशी वाटली. न्याय करायचा होता तर दोन्ही भोंगे लावून करायचा! हा कसला न्याय, ज्याच्यात दोघेही मुके?

दवाखान्यात फौजदार यायच्या आधी अण्णांनी मला जवळ बोलावलं. कुजबुजूनच बोलत होते. "मी हाळी दिली होती गो. दोनदा दिली. तुला आलेली काय ऐकू?"

आली म्हटलं असतं, तर हाळी ऐकूनही थांबले नाहीत म्हणून चूक ह्यांची झाली असती, आणि लायसन ह्यांचं गेलं असतं. नाही म्हटलं, तर अण्णांचं. पण असा हिशोब करायला मला उसंतच मिळाली नाही. जे खरं होतं ते तोंडातून गेलं. "नाय रे, अण्णा. काय ऐकू आलं नाय."

"तुझी मला आली," ते म्हणाले. "म्हणून तर आत घातली." मग पायावरची चादर नीट ओढून घेतली. "बरं झालं सांगितलंस. आता घोळ नाय." आणि फौजदारांना त्यांनी स्वच्छ सांगितलं, "चूक माझी. मी ऐकू येईल असं ओरडलो नाही, आणि भोंगा माझ्याच हाताने काढला होता." लायसन त्यांचं गेलं. ह्यांचं राहिलं. भोंग्याचा दंड त्या दिवसापासून बंद झाला. अण्णांनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही.

पाय बरा झाला तो आखूडच. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बहिणीच्या घरी कसं राहायचं म्हणून ते आढेवेढे घेत होते, तर ह्यांनी त्यांची ट्रंक उचलून आमच्या पडवीत आणून ठेवली. या दोघांत त्या वळणाविषयी कधी एक शब्द झाला नाही. रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बसून सुपारी कातरत, एवढंच. पण अण्णांना एक सवय लागली. विहिरीकडून घराला वळसा घालून पुढच्या दारी यायचं झालं, की ते कोपऱ्याशी थांबत आणि हाळी देत, 'होऽऽऽ!' आणि मग, "आली काय गो ऐकू?" मी "आली, आली!" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. शेजारची पोरं हसायची. कधी मी रागात असले तर मुद्दाम उत्तर देत नसे. ते तिथेच त्या आखूड पायावर भिंतीला धरून उभे राहत, पुन्हा हाळी देत नसत, नुसती वाट पाहत. मग मलाच राहवत नसे.

परवा तुळशीला पाणी घालून मी पडवीकडे वळत होते. कोपऱ्याशी माझं पाऊल आपसूक थांबलं. हे आत चुलीपाशी काहीतरी शोधत होते, त्यांचा हात भांड्याला लागला आणि मग तोही आवाज थांबला. बहुतेक तेही थांबले असावेत. कोपऱ्यापलीकडे कोणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "आली रे, अण्णा... ऐकू आली."