सहावी पट्टी

कामाला बसण्याआधी दातेबाई यंत्राला रोज दोन आणि दोन किती, असे विचारत. यंत्राच्या काचेत चार उमटे. मग नऊचे वर्गमूळ. तीन आले की बाई खुर्ची पुढे ओढत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "आज शुद्धीवर आहे. द्या कागद." कचेरीतली मंडळी हसत. बाईंनी मशीनला पहिलीत घातलंय, असे एकाने म्हटले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिली पक्की नसली की पुढं सगळ्यांचं हसं होतं."

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बियाणे तपासणारे एक छोटे केंद्र होते. आता ते नाही. बाजरीचे नवे वाण माळावर पेरायचे, पीक मोजायचे आणि कोणता वाण शेतकऱ्यांना द्यावा ते ठरवायचे, एवढेच तिथले काम. माझ्या नेमणुकीच्या कागदावर हुद्दा लिहिला होता 'संगणक', म्हणजे आकडेमोड करणारी बाई. त्यामुळे परदेशी बनावटीचे ते गणिती यंत्र खोक्यातून निघून टेबलावर बसले, तेव्हा आपली नोकरी गेली या धास्तीने मी दोन घास कमी जेवले. दातेबाई आमच्या संख्याशास्त्रज्ञ. चाळिशीच्या, संगमनेरकडच्या, लग्न न केलेल्या. दिल्ली दरवाज्याजवळ एका खोलीत राहत. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "ते तुमच्या जागेवर आलेलं नाही हो. माझ्या डोक्याला ताप म्हणून आलंय."

टाइपरायटरएवढे ते यंत्र. पण त्याला शिकवावे लागे. आधी हा आकडा घे, तो तिथे ठेव, त्याचा वर्ग कर, अशा आज्ञा क्रमाने द्यायच्या. त्या एका चुंबकी पट्टीवर उतरत आणि पुन्हा कधीही वापरता येत. बाई त्याला प्रोग्राम म्हणत. आत आकडे ठेवायला ठरावीक घरे होती, प्रत्येक घराला क्रमांक. शिवाय काही कळा तयार कामाच्या होत्या. एक कळ दाबली की वर्गमूळ, दुसरी दाबली की दिलेल्या साऱ्या आकड्यांची आणि त्यांच्या वर्गांची बेरीज एकदम. या दुसऱ्या कळीवर बाई खूश होत्या. माझे दिवसाचे काम ती चुटकीसरशी करी.

प्रोग्राम चुकला की बाईंचा खरा स्वभाव दिसे. मी उत्तराकडे टक लावून बघत बसले की त्या कागद उलटा करून ठेवत. "उत्तराकडे बघून काय मिळणार? वाट बघा त्याची. आकडा म्हणजे एस.टी.तला उतारू समजा. कुठं बसला, कुठं उतरला, मध्येच त्याच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं का?" मग त्या एकेक आज्ञा देत, यंत्र थांबवत, घर उघडून आत काय आहे ते बघत आणि पुढे सरकत. चिडत नसत. कुणी "अंदाजे बरोबर आहे" म्हटले तर मात्र त्यांचा आवाज चढे. "अंदाज बाजारात करा. इथं लोकांच्या पेरणीचा प्रश्न आहे."

आमचे पीक दोन ठिकाणी असे. एक प्लॉट देवळाली प्रवरेजवळ, काळ्या सपाट रानात. त्याच्या जमिनीच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत सगळे वाण पेरलेले. दुसरा पाथर्डीच्या पुढे, मुरमाड माळावर. तिथे जमीन पावलापावलाला बदले, म्हणून बाईंनी मुद्दाम सहा पट्ट्या पाडल्या होत्या. सहावी अगदी टोकाची, निव्वळ खडक. प्रोग्राम तयार झाल्यावर बाईंनी तो देवळालीच्या आकड्यांवर ताडून पाहिला. मी हाताने केलेले उत्तर आणि यंत्राचे उत्तर तंतोतंत जुळले. मग पाथर्डीचे आकडे घातले. आठ नंबरचा नवा वाण गावरान बाजरीच्या पुढे गेला होता, कोरडवाहू माळावरसुद्धा. केंद्राच्या साहेबांनी पेढे आणले. पुढच्या हंगामात पाथर्डीकडच्या काही गावांत आठ नंबर दिला गेला.

त्या हंगामानंतर प्लॉटची राखण करणारे किसनराव कचेरीत आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. टोपी काढून दारातच उभे राहिले.

"बाई, रागावू नका. पर आठ नंबर आमच्याकडं टिकत न्हाई."

"यंदा पाऊस कमी होता, किसनराव."

"पाऊस समद्यास्नीच कमी हुता. गावरान उभी ऱ्हायली. आठ नंबर खडकावर वाळून गेला. तुमच्या सहाव्या पट्टीत बी आसंच झाल्तं की. म्या तवाच मोजून दिलं हुतं. मशीन काय म्हनतंय?"

 बाईंनी किसनरावांना बसायला सांगितले, चहा मागवला आणि पाथर्डीचे जुने आकडे काढले. सहाव्या पट्टीत आठ नंबरला जवळजवळ काहीच पिकले नव्हते, ते कागदावर स्पष्ट होते. उत्तरात मात्र त्याचा मागमूस नव्हता.

त्यानंतर कित्येक दिवस बाई त्या एका प्रोग्रामच्या वाटेवर चालत होत्या. आज्ञा बरोबर. क्रम बरोबर. आकडे घातलेले बरोबर. शेवटी एका दुपारी त्यांनी वेगळेच केले. प्रत्येक घरात एकेक ओळखीचा आकडा ठेवला, ती तयार बेरजेची कळ दाबली आणि मग एकेक घर उघडून बघितले. सगळे आकडे जागच्या जागी होते. फक्त शेवटच्या घरातला आकडा बदललेला होता. बाईंनी पुन्हा केले. पुन्हा तसेच. ती कळ आपले काम करताना शेवटचे घर स्वतःसाठी वापरत होती, आणि काम झाल्यावर त्याच्या आधीच्या घरातला आकडा तिथे ठेवून देत होती. पट्ट्यांचे आकडे क्रमाने एकेका घरात बसत. देवळालीच्या चार पट्ट्या त्या शेवटच्या घरापर्यंत पोचतच नव्हत्या, म्हणून ताळा जुळला होता. पाथर्डीची सहावी पट्टी नेमकी त्या घरात होती. यंत्राने तिला पुसून पाचवीच दोनदा मोजली होती.

मुंबईहून कंपनीचा माणूस आला तेव्हा बाईंनी त्याला हे दाखवले. तो म्हणाला, "ते असंच असतं, मॅडम. ते घर मोकळं ठेवायचं. वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं." यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात ते कुठेही नव्हते. पण बाईंनी ते पुस्तक पुढे केले नाही. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "घर मी निवडलं. ठेवल्यावर ते पुन्हा उघडून बघायचं मला सुचलं नाही."

हाताने सगळे पुन्हा केले. माळावर गावरान पुढे होती. पेरणीला अजून थोडा अवकाश होता, पण आता आठ नंबरच्या पिशव्या सगळ्या तालुक्याला जाणार होत्या. बाई साहेबांच्या खोलीत गेल्या, मलाही आकडे घेऊन बरोबर नेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"बाई, पिशव्या पोचल्यासुद्धा. काही वाटल्याही असतील."

"परत मागवा. चूक माझी आहे, असं लिहून देते."

"तुम्ही लिहून द्याल हो. पण लोकांच्या हातातलं बी काढून घेतल्यावर दुसरं काय देऊ? गावरान आपण साठवलंय का कुठं?"

 "निदान सांगा तरी त्यांना," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? पेरू नका म्हणून?"

बाईंनी तरीही लिहून दिले. तो कागद वर गेला आणि तिथेच राहिला.

ते बहात्तरचे साल होते. पाऊस आलाच नाही. थोडासा भुरभुरला तेवढ्यावर लोकांनी पेरले, ते करपले. घरात उरलेसुरले बी होते ते पुन्हा पेरले, तेही करपले. आठ नंबर गेला, गावरानही गेली. कचेरीत कुणीतरी बाईंना धीर द्यायला म्हणाले, "बघा, नाहीतरी काहीच आलं नसतं. तुमच्या चुकीनं काही बिघडलं नाही." बाई जागेवरून उठून बाहेर गेल्या. त्या दिवशी परत आल्या नाहीत.

पुढे एका रविवारी त्यांनी मला बरोबर चलता का विचारले. आम्ही एस.टी.ने पाथर्डीच्या पुढे किसनरावांच्या गावी गेलो. गाव रिकामेच होते. सगळे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. किसनरावांच्या वहिनी सगुणाबाई तिथे होत्या. आदल्या वर्षी त्यांनी आठ नंबर पेरला होता. बाई त्यांच्याशेजारी खडीच्या ढिगावर बसल्या आणि सगळे सांगितले. यंत्र, घर, सहावी पट्टी, सोप्या शब्दांत आणि काही न लपवता. सगुणाबाईंनी हातोडी खाली ठेवून ऐकले.

"मंजी मशीन चुकलं व्हय?"

"मशीन नाही. मी चुकले."

सगुणाबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "बाई, तुमी बरुबर सांगितलं आस्तं तर पाऊस पडला आस्ता का?"

"नाही."

"मंग कशाला जिवाला लावून घेता? सुकडी खाता का वाईच? आत्ताच वाटलीया."

त्यांनी ओंजळीतली सरकारी वाटपाची कोरडी, पिठाची सुकडी पुढे केली. बाईंनी चिमूटभर घेतली. परतीच्या गाडीत करंजीचा घाट मागे पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. मग म्हणाल्या, "कुणीतरी एक शिवी द्यायला हवी होती. मी त्यासाठीच गेले होते, असं आता वाटतंय."

त्यानंतर बाईंनी एकच ध्यास घेतला. गावरान बाजरीचे शुद्ध बी मिळवायचे आणि निदान तेवढे तरी त्या माळाला परत द्यायचे. पाथर्डी, शेवगाव, त्यापलीकडची गावे. सुट्टीच्या दिवशी त्या निघत, दारोदार विचारत. बहुतेक घरांत बियाण्याची मडकी पालथी होती. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने उतरंडीच्या तळातून राखेत ठेवलेले पसाभर बी काढून दिले. "दोन सालामागलं हाय. आमच्या रानातलंच," ती म्हणाली. दातेबाईंनी ते पदराच्या टोकाला बांधून आणले. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. किसनरावांनी ते बी प्लॉटच्या टोकाला, खडकाजवळ पेरले. कणसे भरली तेव्हा आम्ही बघायला गेलो. गावरान बाजरीच्या कणसाला बारीक केसांसारखी कुसे असतात, त्यामुळे पाखरे बसत नाहीत. आठ नंबरचे कणीस गुळगुळीत. बाई ओळीत शिरल्या. एक कणीस केसाळ होते. त्याच्याशेजारचे अर्धवट. त्याच्या पुढचे अगदी गुळगुळीत, त्यावर चिमण्या बसलेल्या. बाजरीचा फुलोरा वाऱ्यावर फळतो. म्हातारीच्या शेजारच्या रानात कुणीतरी त्या साली आठ नंबर पेरला असणार, आणि तो वाऱ्याबरोबर तिच्या रानात शिरला होता.

बाई टोकापर्यंत जाऊन परत आल्या. हातात चार-पाच कणसे होती.

"किसनराव, यात गावरान कुठली?"

किसनरावांनी कणसे हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"जरा जरा समद्यातच हाय, बाई. पर निव्वळ आशी न्हाई."

"वेगळी काढता येईल?"

"कशी काढनार? रगतात मिसळलीया."

बाईंनी मान हलवली. कणसे बांधावर ठेवली, कारण टाकून देणे त्यांच्या जिवावर आले असावे. त्यानंतर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. कोकणातल्या एका भाताच्या केंद्रावर जागा रिकामी होती, ती मागून घेतली. स्टँडवर पोचवायला मी गेले होते. एक ट्रंक आणि एक वळकटी. गाडी सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "माझ्या प्रोग्रामच्या पट्ट्या दुसऱ्या केंद्रांना पाठवल्या होत्या. मी सगळ्यांना कळवलंय. दोघांचीच उत्तरं आली." काही वर्षांनी त्या तिकडेच काविळीने गेल्या. बातमी मला महिन्याभराने कळली.

किसनरावही आता नाहीत. मधूनमधून मी त्या भागात लग्नकार्याला जाते. पानात भाकरी येते. यजमान कौतुकाने सांगतात की ही विकतची नव्हे, खास आमच्या माळावरची गावरान बाजरी आहे, आज्याच्या वेळेपासूनची. मी छान आहे म्हणते, आणि जेवते.